एलटीटी ९७७९ बी : ताऱ्याच्या कडेवरून जाणारा नेपच्यून, प्रकल्प नोंदी

काम : सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या नेपच्यूनएवढ्या ग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे त्याचं ताऱ्यासमोरून जाणं, नासाच्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या खुल्या माहितीतून शोधणं, आणि त्यावरून आवर्तकाळ (एका फेरीचा वेळ) व त्रिज्या आपली आपण काढणं.

साहित्य : ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप, पायथन भाषा आणि तिचे लाइटकर्व्ह, ॲस्ट्रोपाय व बॅटमॅन हे तीन संच. सगळे फुकट.

खर्च : पैसे शून्य. वेळ सुमारे ३४ तास, त्यातले साडेचौदा वाया. ते कुठे गेले ते खाली तारखेनुसार आहे. ही पानं मुख्यतः त्या साडेचौदा तासांसाठीच लिहिली आहेत.

१७ जून २०२३

ताऱ्याची निवड. एलटीटी ९७७९ हा जी-७ वर्गाचा तारा, सूर्यापेक्षा किंचित थंड, त्रिज्या सूर्याच्या ०.९४९ पट, वस्तुमान जवळपास सूर्याइतकंच. अंतर सुमारे २६० प्रकाशवर्षं, तारकासमूह शिल्पकार, दृश्य प्रत ९.८. ग्रह १९ तासांत एक फेरी मारतो. चिली विद्यापीठाच्या जेम्स जेन्किन्स यांच्या गटाने २०२० मध्ये तो जाहीर केला. ताऱ्याच्या इतक्या जवळ एकतर उष्ण गुरू, म्हणजे गुरूएवढे तापलेले ग्रह, सापडतात, नाहीतर छोटे खडकाळ ग्रह. मधल्या आकाराचे जवळजवळ नाहीतच. या रिकाम्या पट्ट्याला नेपच्यूनचं वाळवंट म्हणतात आणि हा ग्रह बरोबर त्याच्या मधोमध आहे.

निवडीची कारणं तीन. तारा तेजस्वी आहे. एका सेक्टरमध्ये, म्हणजे टेसच्या २७ दिवसांच्या एका पाळीत, तीसहून जास्त अधिक्रमणं मिळतात. आणि छापील आकडे हाताशी असल्याने आपलं उत्तर कुठे घसरलं ते लगेच कळतं.

पण हा सरावाचा ग्रह नव्हे. उष्ण गुरूच्या अधिक्रमणात ताऱ्याचा प्रकाश एक टक्क्याने उतरतो, इथे ०.१८ टक्क्याने. पुढे सगळीकडे खोली दशलक्षातल्या भागांत, म्हणजे पीपीएममध्ये दिली आहे. ०.१८ टक्के म्हणजे १,८०० पीपीएम. अधिक्रमण अवघं ४९ मिनिटांचं. हे दोन आकडे समोर चिकटवून ठेवावेत, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक चूक यांतला एखादा विसरल्यामुळे झाली.

नावाबद्दल एक. याच महिन्यात आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ताऱ्याला उऊबा आणि ग्रहाला क्वान्कोआ अशी नावं दिली. दोन्ही कोलंबियातल्या उवा लोकांच्या भाषेतली, आणि सुंदर आहेत. टेसच्या संग्रहात शोधताना मात्र ताऱ्याचा तिथला टिक क्रमांकच वापरावा : १८३९८५२५०.

१८ जून (३ तास वाया)

चुकीची फाईल उतरवली. शोध दिल्यावर एकाच सेक्टरच्या चार-पाच ओळी येतात. त्यांतली पहिली घेतली, ती निघाली ३० मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या पूर्ण चित्रांवरून बनवलेली. घडी घातल्यावर, म्हणजे एकेका फेरीचे तुकडे एकावर एक ठेवल्यावर, प्रकाशातली खाच दिसली खरी, पण विचित्र : रुंदी ७९ मिनिटं, तळ टोकदार, दोन्ही बाजूंना लांब उतार. असा आकार एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांचाही असतो, त्यामुळे दीड तास भलत्याच शंकेत गेला.

कारण सरळ आहे. ४९ मिनिटांच्या अधिक्रमणातला सपाट तळ फक्त २७ मिनिटांचा, उतरण आणि चढण प्रत्येकी ११ मिनिटांची. ३० मिनिटांच्या एका नोंदीत अख्खा तळ मावतो आणि वर कडेचा प्रकाशही मिसळतो. ४९ अधिक ३० बरोबर ७९, हा हिशेब पहिल्या पाच मिनिटांत सुचायला हवा होता.

उपाय : शोधातच कर्ता म्हणून स्पॉक (टेसचं अधिकृत प्रक्रिया केंद्र) आणि एक्स्पोजर १२० सेकंद अशी अट घालावी. दोन मिनिटांच्या नोंदींत प्रत्येक अधिक्रमणाला २४-२५ बिंदू मिळतात, ३० मिनिटांच्या नोंदींत एक किंवा दोन. फाईलही मोठी नसते, सेक्टरमागे साधारण २ एमबी. ज्यांच्या ताऱ्याची फक्त ३० मिनिटांची माहिती आहे त्यांनी नमुना, म्हणजे अधिक्रमणाचा गणिती वक्र, बसवताना बॅटमॅनमध्ये एक्स्पोजरची लांबी ०.०२०८ दिवस आणि सुपरसँपल ७ द्यावा. म्हणजे नमुनाही तसाच पसरतो आणि तुलना न्याय्य होते.

सेक्टर २ घेतला : २०१८ च्या २३ ऑगस्टपासून २० सप्टेंबरपर्यंत. टेसच्या दिनांकात, म्हणजे ज्युलियन दिनांकातून २४,५७,००० वजा करून, १३५४ ते १३८१. मध्ये १३६७ च्या सुमारास दीडेक दिवसाची फट आहे. तेव्हा यान माहिती पृथ्वीकडे पाठवत असतं.

२० जून (२ तास वाया)

साफसफाई. फाईलमध्ये प्रकाशाचे दोन रकाने असतात, कच्चा सॅप आणि दुरुस्त केलेला पीडीसीसॅप. दुसरा घेतला. त्यात यानाची थरथर काढलेली असते आणि शेजारच्या ताऱ्यांच्या प्रकाशाची भेसळही वजा केलेली असते. कच्चा घेतलात तर भेसळ स्वतः काढावी लागेल, नाहीतर खोली कमी येईल. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा असतो, ही साधी बाब नाही. फाईलच्या शीर्षकातला क्राउडसॅप हा आकडा, म्हणजे एकूण प्रकाशात आपल्या ताऱ्याचा वाटा, त्यासाठीच असतो. आपल्या ताऱ्याला तो १ च्या जवळ निघाला, म्हणजे शेजार मोकळा.

दर्जाच्या खुणा, म्हणजे बिघडलेल्या नोंदींवरचे शेरे, दुर्लक्षू नयेत. या सुरुवातीच्या काळात यान दर अडीच दिवसांनी आपल्या दिशा राखणाऱ्या चाकांचा साचलेला वेग उतरवत असे आणि त्या क्षणी चित्र हलतं. खुणा बंद ठेवून पाहिलं तर पुढच्या शोधात २.५ दिवसांवर एक खोटं शिखर उभं राहिलं. ग्रहाच्या आवर्तकाळाची तिप्पट २.३८ दिवस येते, दोन्ही शेजारी शेजारी. तेव्हा सावध राहावं.

खरी चूक भरकटलेले बिंदू छाटताना झाली. जुन्या स्क्रिप्टमध्ये ३ सिग्माची (नेहमीच्या विखुरणीच्या तिप्पट दूरचं छाटणारी) कात्री होती, तीच चालवली. इथे दोन मिनिटांच्या एका बिंदूतला गोंगाट ५०० पीपीएमच्या घरात, खाच १,८०० पीपीएमची. म्हणजे अधिक्रमणाचा तळच साडेतीन सिग्मा खाली बसलेला! कात्रीने त्यातले निम्म्याहून जास्त बिंदू कचरा म्हणून फेकले. जे उरले ते वरच्या बाजूचे, त्यामुळे खाच उथळ आणि फाटकी दिसली.

पहिलं अधिक्रमण १३५४.२१ ला आहे. ते मोठं करून पाहिल्यावर प्रकार लक्षात आला. डावीकडे बिंदूंची दाट पट्टी, मग सहा-सात बिंदू पायरी उतरल्यासारखे, आणि जिथे तळ हवा तिथे पांढरी मोकळी जागा. पाच-सहा चुकार बिंदू तेवढे लोंबत होते. उजवीकडे पट्टी परत सुरू.

उपाय : वरची कात्री ३ सिग्मा, खालची अनंत. खाली फार दूर पडलेले बिंदू असतील ते डोळ्यांनी पाहून हाताने काढावेत. या सेक्टरमध्ये तसे मोजकेच होते.

२२ आणि २३ जून (४ तास वाया)

आवर्तकाळाचा शोध, चौकट पद्धतीने, म्हणजे बीएलएसने : वेगवेगळ्या काळांनी घडी घालून चौकोनी खाच कुठे नीट बसते ते पाहायचं. सर्वात जास्त वेळ इथे गेला, आणि कारण एकच आकडा.

शिकवणीतल्या उदाहरणातून फ्रीक्वेन्सी फॅक्टर ५०० तसाच उचलला होता. शोध चार सेकंदांत संपला, शिखर एकही धड नाही. चौकटीची लांबी बदलून पाहिली, सेक्टर बदलून पाहिला, साफसफाईवर संशय घेतला. शेवटी कागदावर हिशेब मांडला. शोधाच्या जाळीतला एक टप्पा वारंवारतेत केवढा, ते या सूत्रातून निघतं : फॅक्टर गुणिले सर्वात लहान चौकट, भागिले माहितीच्या एकूण काळाचा वर्ग. आकडे घालू. ५०० गुणिले ०.०२, भागिले २७.४ चा वर्ग. येतात ०.०१३ प्रतिदिन. ०.७९ दिवसांच्या आसपास याचा अर्थ दोन लागोपाठच्या आवर्तकाळांत १२ मिनिटांचं अंतर. खरा काळ त्यांच्या मधोमध पडला तर प्रत्येक फेरीला ६ मिनिटांची चूक, ३४ फेऱ्यांत ती साडेतीन तासांच्या जवळ जाते. ४९ मिनिटांची खाच त्यात विरघळून जाणारच.

फॅक्टर १० केला, अंतर १४ सेकंदांवर आलं. चौकटी ०.०२, ०.०३, ०.०४ आणि ०.०५ दिवसांच्या दिल्या. काळाची मर्यादा ०.५ ते १० दिवस. सर्वात लांब चौकट सर्वात लहान आवर्तकाळापेक्षा छोटी असायला हवी, नाहीतर ॲस्ट्रोपाय चूक दाखवून थांबतं. शोधाला आता काही मिनिटं लागली आणि ०.७९२ दिवसांवर सुईसारखं शिखर आलं. १.५८४ आणि २.३७६ वर त्याची लहान भावंडं. सर्वात उंच शिखरच खरं असेल असं गृहीत धरू नये, पण इथे ते खरं होतं.

उष्ण गुरूसाठी ०.२५ दिवसाची चौकट चालून जाते. इथे सहा तासांच्या चौकटीत ४९ मिनिटं खाचेची आणि पाच तास नुसत्या पातळीचे, म्हणजे सरासरीत खोली सातव्या हिश्शावर.

या टप्प्यावरचा आवर्तकाळ : ०.७९२०२ दिवस.

२५ जून (दीड तास वाया)

तारा स्वतः आणि यान मिळून प्रकाशपातळी हळूहळू वरखाली करतात, ती सपाट करायची. लाइटकर्व्हच्या फ्लॅटनची ठरलेली खिडकी १०१ बिंदूंची, म्हणजे ३ तास २२ मिनिटांची. एवढ्या खिडकीत अधिक्रमण चौथा हिस्सा व्यापतं, आणि गुळगुळीत रेषा त्यालाच पातळी समजून खाली वाकते. खोलीचा जवळजवळ तिसरा हिस्सा कापला गेला, आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना प्रकाश वाढल्यासारखे खोटे खांदे आले. असे खांदे दिसले की खिडकी लहान आहे असं खुशाल समजावं.

उपाय दोन टप्प्यांचा. आधी अधिक्रमणांचा मुखवटा तयार करायचा आणि ते बिंदू पातळी ठरवताना वगळायचे. मग खिडकी ९०१ बिंदूंची, म्हणजे ३० तासांची. खिडकी विषम संख्येचीच लागते.

मुखवट्यात लांबी दिवसांत द्यायची असते. आम्ही ०.८२ दिली, ती तासांतली होती. ०.८२ दिवस हे ०.७९ दिवसांच्या फेरीपेक्षाही मोठे, त्यामुळे अख्खा प्रकाशवक्र झाकला गेला आणि पातळी ठरवायला एक बिंदू उरला नाही. बरोबर आकडा ०.०३४. कडांना मोकळीक म्हणून ०.०४५ ठेवला. शिवाय मुखवट्यात 'खरं' म्हणजे 'वगळा'. काही जण सवयीने त्याच्यापुढे नकार लावतात, मग पातळी फक्त अधिक्रमणांवरून ठरते.

फटीच्या दोन्ही काठांवर रुंद खिडकी वाकते. फटीनंतरचा अर्धा दिवस सरळ कापून टाकला. एखादं अधिक्रमण गेलं, पण उरलेली स्वच्छ मिळाली.

२८ जून

हा ग्रहच आहे ना, याच्या तपासण्या. वेळ थोडा लागला. दुप्पट काळाने, १.५८४० दिवसांनी घडी घातली आणि सम-विषम खाचा वेगळ्या मोजल्या. जोडतारे असते तर एक खोल, एक उथळ आली असती. इथे दोन्ही चुकीच्या मर्यादेत सारख्या. पिक्सेलची फाईल उतरवली, ती ४५ एमबीच्या आसपास, आणि खाच ताऱ्याच्याच पिक्सेलमध्ये आहे हे पाहिलं.

ग्रह असल्याचा खरा पुरावा मात्र टेसकडे नाहीच. चिलीतल्या ला सिया वेधशाळेतल्या हार्प्स आणि कोरली या वर्णपटमापकांनी ताऱ्याचं डुलणं मोजलं, सेकंदाला साधारण २० मीटर. त्यावरून वस्तुमान २९.३ पृथ्वी आलं. प्रकाशवक्रातून वस्तुमान निघत नाही. विद्यार्थी ते काढायला जातात म्हणून स्पष्ट लिहून ठेवलं.

१ जुलै

सेक्टर २९ जोडला, २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरचा. दोन्ही मिळून ०.७९२०२ दिवसांनी घडी घातली तर एकाऐवजी दोन खाचा, तासाभराच्या अंतरावर. घाबरण्याचं कारण नाही, उलट ही चांगली बातमी आहे.

दोन सेक्टरांत ९२७ फेऱ्या झाल्या. पावणेचार सेकंदांची चूक ९२७ वेळा साचली की तास होतो. म्हणजेच, उलटा विचार केला तर, हे तासाचं अंतर मोजून आवर्तकाळ फार बारकाईने सुधारता येतो. सेक्टर २ मधली खाचेची मध्यवेळ आणि सेक्टर २९ मधली मध्यवेळ, दोन्ही घडी घालून अर्ध्या मिनिटापर्यंत नक्की केल्या, वजाबाकीला ९२७ ने भागलं : ०.७९२०६ दिवस. आता चूक सेकंदाच्याही छोट्या अंशात.

फेऱ्या ९२७ च कशावरून, ९२६ किंवा ९२८ का नाहीत, हे आधी तपासावं लागतं. एका फेरीचा फरक पडला तर आवर्तकाळ ७४ सेकंदांनी बदलतो. एका सेक्टरमधली आपली चूक जास्तीत जास्त ७ सेकंदांची, जाळीच्या टप्प्याच्या निम्मी. ७ हे ७४ पेक्षा पुष्कळ लहान, म्हणून गोंधळाला जागा नाही. ज्यांचा ग्रह दहा-बारा दिवसांनी फिरतो आणि एका सेक्टरमध्ये दोनच अधिक्रमणं मिळतात, त्यांनी हा हिशेब केल्याशिवाय दुसरा सेक्टर जोडू नये.

घडी नीट बसली तेव्हा साठाहून जास्त अधिक्रमणं एकावर एक आली. पाच-पाच मिनिटांची सरासरी घेतल्यावर उतरण, तळ आणि चढण प्रथमच वेगवेगळी दिसली.

४ ते ६ जुलै (४ तास वाया)

नमुना बसवणं. या प्रकल्पातला सर्वात शिकवणारा भाग हाच.

सुरुवातीला कक्षेची कलता ९० अंश धरून ठेवली, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या मधोमधून जातो असं मानलं. बहुतेक उदाहरणांत तसंच असतं. कक्षेची त्रिज्या मोकळी सोडली. संगणकाने मुकाट्याने उत्तर दिलं : कक्षा ताऱ्याच्या त्रिज्येच्या ७.७ पट. खोली जुळली, लांबी जुळली. दोन तास आम्ही हेच उत्तर धरून पुढची आकडेमोड करत होतो.

खोट दोन ठिकाणी दिसली. पहिली, उतारात. मधोमध जाणारा एवढा ग्रह दोन मिनिटांत पूर्ण आत शिरतो, माहितीत मात्र उतरण अकरा मिनिटांची. घडी घातलेल्या वक्रावर नमुन्याची रेषा ठेवली की कोपऱ्यांवर ती बिंदूंना सोडून जात होती, दोन्हीकडे सारखीच. दुसरी खोट घनतेत. आवर्तकाळ आणि कक्षेचं हे गुणोत्तर दोन्ही कळले की ताऱ्याची सरासरी घनता थेट निघते, वेगळं काही लागत नाही. ७.७ वरून ती आली दर घनसेंटिमीटरला सुमारे १४ ग्रॅम. सूर्याची १.४१ आहे. सूर्यासारखा तारा सूर्याच्या दसपट घन असू शकत नाही.

उलट बाजूने पाहिलं तर सगळं सुटतं. खरं गुणोत्तर ३.९ च्या आसपास असेल आणि ग्रह मधोमध जात असेल, तर अधिक्रमण ९९ मिनिटांचं हवं. आहे ४९ चं. म्हणजे ग्रह व्यासावरून जात नाही, बिंबाच्या कडेची छोटी जीवा कापतो. पहिल्या दिवशी आखूडपणाची आपण अडचण म्हणून नोंद केली होती. तीच या ग्रहाच्या वाटेची सर्वात मोठी खूण निघाली.

मग त्रिज्या, वाटेचं केंद्रापासून अंतर आणि कक्षा, तिन्ही मोकळी सोडली. आता उत्तर भटकायला लागलं. वाट जरा कडेकडे सरकवली आणि ग्रह जरा मोठा केला तरी वक्र तोच राहतो. कडेच्या अधिक्रमणांत ही जोडी सुटी होत नाही, कितीही वेळ संगणक चालवा. बाहेरून एक अट द्यावीच लागते. ताऱ्याचं वस्तुमान आणि त्रिज्या वर्णपटावरून माहीत आहेत, त्यावरून घनता १.७ ग्रॅम, दहा टक्के मोकळीक ठेवून. अट घातल्याबरोबर उत्तर स्थिरावलं : कक्षा ३.८ ते ३.९, केंद्रापासून अंतर ०.९१, कलता ७६ अंशांच्या जरा वर, ग्रह आणि ताऱ्याच्या त्रिज्यांचं गुणोत्तर ०.०४५ ते ०.०४६. छापील मूल्यांशी जुळतं.

बॅटमॅनमध्ये कलता अंशांत द्यायची, काळ दिवसांत, दोन्ही त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या पटीत. उत्केंद्रता शून्य, म्हणजे कक्षा वर्तुळाकार धरली. ताऱ्याला एवढ्या चिकटलेल्या कक्षा भरती-ओहोटीच्या ओढीने लवकर वर्तुळाकार होतात.

९ जुलै

त्रिज्या. घाईत करणारे खोलीचं वर्गमूळ घेतात, आम्हीही ताळा म्हणून घेतलं. १,७९० पीपीएमचं वर्गमूळ ०.०४२३, गुणिले ताऱ्याची त्रिज्या, पृथ्वीच्या १०३.५ पट. उत्तर ४.३८ पृथ्वी. छापील ४.७२. सात टक्क्यांची तूट, आणि ती गोंगाटाने आलेली नाही.

ताऱ्याचं बिंब मधे उजळ, कडेला मंद असतं. आम्ही मंदपणाचे गुणक ०.३० आणि ०.२३ घेतले. त्यानुसार केंद्रापासून ०.९१ अंतरावर प्रखरता मध्याच्या ०.७४, अख्ख्या बिंबाची सरासरी ०.८६. ग्रह जो भाग झाकतो तो मुळातच सरासरीपेक्षा १४ टक्के मंद. कमी प्रकाश अडतो, खाच उथळ येते, ग्रह लहान वाटतो. नमुन्यातून आलेल्या ०.०४५५ ने गुणलं की ४.७१.

नेपच्यूनची त्रिज्या ३.८८ पृथ्वी. हा त्याहून जरा मोठा, वस्तुमानाने मात्र पावणेदोनपट. घनता १.५३, नेपच्यूनच्या १.६४ च्या शेजारी. दोन हजार केल्विनच्या आसपास तापलेला ग्रह आपल्या थंड नेपच्यूनइतकाच घन असावा, हे वाचून माहीत असतं. आपल्या हाताने आकडे मांडून तिथे पोहोचलं की ते मनात वेगळं बसतं.

१२ जुलै

परवा, १० तारखेला, युरोपीय अवकाश संस्थेच्या केऑप्स दुर्बिणीचा निकाल छापून आला : हा ग्रह आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकतो. शुक्र साधारण ७५ टक्के फेकतो, पृथ्वी ३०. सिलिकेट आणि धातूंच्या ढगांमुळे असावं, असं तो गट म्हणतो. त्यांनी मोजलं ते पिधान, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या मागे जाताना प्रकाशात पडणारी घट. ती ११५ पीपीएम, चूक २४.

हिशेब आपल्याला जमतो. ग्रहाची त्रिज्या भागिले कक्षेची त्रिज्या, त्याचा वर्ग : ०.०४५५ भागिले ३.८७७, वर्ग केल्यावर १३८ पीपीएम. पूर्ण आरसा असता तर एवढी घट. तिचे ८० टक्के म्हणजे ११०.

मग टेसच्या माहितीत ते दिसतं का ते पाहिलं. दोन्ही सेक्टरांची घडी, कला ०.५ वर, म्हणजे फेरीच्या निम्म्यावर नजर. कागदावर शक्य वाटतं : दीडेक हजार बिंदूंची सरासरी घेतली की ५०० पीपीएमचा गोंगाट १३ पर्यंत उतरायला हवा. प्रत्यक्षात उतरत नाही, कारण शेजारचे बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. खिडकी ७०१ ठेवली तर एक खोली, १,१०१ ठेवली तर दुसरी. ३० ते १०० च्या मध्ये कुठेही. सपाट करण्याची पद्धत बदलल्यावर जो आकडा तिप्पट होतो तो मोजमाप म्हणून लिहू नये. वहीत 'सापडलं नाही' असं लिहिलं.

पुन्हा करणाऱ्यांनी मुखवट्यात पिधानही झाकावं. आम्ही पहिल्या खेपेला फक्त अधिक्रमण झाकलं होतं.

१६ जुलै

जमिनीवरून होईल का, अशी विचारणा होत राहते, म्हणून पावसाळा संपेपर्यंत थांबणाऱ्यांसाठी हिशेब करून ठेवला.

ताऱ्याचं स्थान विषुवांश २३ तास ५४ मिनिटं, क्रांती उणे ३७.६ अंश. पुण्याहून तो दक्षिणेला जास्तीत जास्त ३४ अंश वर येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी. फोमलहॉट या ठळक ताऱ्याच्या खाली आणि पूर्वेला शोधावा. त्या उंचीवर हवेचा थर माथ्यावरच्या १.८ पट. २० सेंमी दुर्बिणीने एका मिनिटाच्या एक्स्पोजरमध्ये निव्वळ चमचमाटाची चूक साधारण ३ मिलिमॅग (प्रतीचा हजारावा भाग) येते, आणि खाच २ मिलिमॅगची. २७ मिनिटांच्या तळाची सरासरी घेतली की कागदावर चूक अर्ध्या मिलिमॅगवर येते, पण क्षितिजाकडचं धुरकट आकाश आणि जवळपास इतक्याच तेजाचे तुलनेचे तारे कमी असणं यांनी तेवढीच भर पडेल. एका रात्रीत दाखवता येणार नाही. पाच-सहा अधिक्रमणं एकत्र करण्याची तयारी असेल तरच हात घालावा.

तशी संधी नियमित येते. पाच फेऱ्या म्हणजे ३ दिवस २३ तास ३ मिनिटं, त्यामुळे दर चौथ्या रात्री अधिक्रमण ५७ मिनिटं आधी होतं. एक वेळ हुकली तर चार दिवसांनी तासभर लवकर उभं राहायचं. वेळ काढताना टेसचा दिनांक सौरमालेच्या गुरुत्वमध्यावरचा असतो हे विसरू नये. पृथ्वीवर तीच घटना ८ मिनिटांपर्यंत पुढेमागे दिसते. शिवाय त्या घड्याळातून ६९ सेकंद वजा केले की जागतिक वेळ मिळते, आणि त्यात साडेपाच तास मिळवले की आपली.

वहीत ठेवलेल्या सेटिंग : स्पॉक, १२० सेकंद, पीडीसीसॅप, वरची कात्री ३ सिग्मा व खालची बंद, फॅक्टर १०, चौकटी ०.०२ ते ०.०५, मुखवटा ०.०४५ दिवस, खिडकी ९०१, घनतेची अट १.७. फुकटच्या ऑनलाइन नोटबुकवर काम करणाऱ्यांनी उतरवलेल्या फाइली रोज आपल्या ड्राइव्हवर ठेवाव्यात. सत्र तुटलं की संच आणि माहिती दोन्ही जातात, आणि बसवण्यातच पंधरा-वीस मिनिटं मोडतात. पुढचं काम प्रत्येक अधिक्रमणाची वेळ वेगळी मोजून ती सरळ रेषेवर पडते का ते पाहण्याचं. एकेका खाचेत २४ बिंदू आहेत, त्यामुळे वेळेची चूक मिनिट-दोन मिनिटांची राहील. त्याहून लहान डगमग या माहितीत शोधायला जाऊ नये.